वीतभर गवत

विमानतळावरचं गवत वीतभर ठेवायचं असतं. जास्त नाही की कमी नाही. कागदावर वीस सेंटिमीटर असं लिहिलेलं होतं, पण गवतवाल्याला कागदाशी काय करायचंय? त्याने कामाच्या पहिल्याच दिवशी अंगठा जमिनीला टेकवून पंजा ताणला, करंगळीच्या टोकाला गवताचं पातं लागलं तसा म्हणाला, "बरोबर. आपली वीत." त्याला आता सोळा वर्षं झाली होती. त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल तर असेल, बाकी शिपायापासून मोठ्या सरांपर्यंत सगळे त्याला गवतवालाच म्हणत.

विद्यापीठाचं विमानतळ म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. एक धावपट्टी, दोन पत्र्याच्या शेड, सात लहान विमानं आणि उंच जिन्यावर एक काचेची खोली. पोरं इथे चार वर्षं विमानाची पदवी शिकायची. निम्मा वेळ वर्गात, निम्मा वेळ आकाशात. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंनी मैलभर गवत, आणि ते कापायला एक जुना ट्रॅक्टर. ट्रॅक्टरच्या मागे पात्यांची पेटी, पेटीला एका रांगेत पाच भोकं आणि भोकात घालायला लोखंडी खीळ. खीळ वरच्या भोकात घातली की गवत वीतभर राहायचं. खालच्या भोकात घातली की खाली. सोळा वर्षांत गवतवाल्याने ती खीळ फक्त तेल लावायला काढली होती.

पगार बेताचाच होता. पण दोन गोष्टी अशा होत्या की माणूस ते काम सोडायचं नाव घेणार नाही. एक म्हणजे पहिल्यापासून चालत आलेली रीत, कापलेलं गवत कापणाऱ्याचं. त्यावर त्याच्या घरची एक गाय आणि एक कालवड जगत होती. आणि दुसरी म्हणजे कामगारांच्या मुलांसाठी विद्यापीठात दर वर्षी एक राखीव जागा. बाप कामावर असेपर्यंत पोराची जागा पक्की. ती जागा वर्षानुवर्षं रिकामीच जायची, कारण माळ्याचा पोरगा नाहीतर स्वयंपाकिणीची पोरगी विमान कशाला शिकायला जाईल? गवतवाल्याची पोरगी गेली. गेली ती गेली, आणि आता शेवटच्या वर्षाला होती. एकटीने विमान घेऊन दीडशे मैलांची फेरी मारून आली तेव्हा गवतवाला ट्रॅक्टर बंद करून तिथेच मातीत बसला होता. आनंदाने रडायला आलं होतं त्याला, आणि त्याने ते लपवलंही नाही.

त्या वर्षी पाऊस सुरुवातीला बरा आला आणि मग जो गेला तो गेलाच. दीड महिना आकाश नुसतं कोरडं. वस्तीतल्या गोठ्यांमधली जनावरं बसल्या जागेवरून उठेनात. लोक झाडांचा पाला ओरबाडत होते. गवतवाल्याची गाय दावणीला उभी राहून रिकामी गव्हाण चाटायची, आणि तो आवाज घरात ऐकू यायचा. कालवड तर गाभण होती. तिच्या बरगड्या लांबूनही मोजता आल्या असत्या.

"आज किती आणलंत?" बायकोने विचारलं.

"दोन पेंढ्या."

"दोन पेंढ्यांत काय होतंय? एक तर तिच्या दाढेलाही लागायची नाही."

"वाढतच नाही तर कापू काय? वरचं वर शेंडे खुडतोय मी."

"खाली आहे की बोटबोटभर हिरवं. मी गोळा करताना बघते ना."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. वरचे शेंडे करपले होते, पण बुडाशी ओल धरून हिरवा पट्टा होता. सगळ्या पंचक्रोशीत तेवढंच काय ते हिरवं शिल्लक होतं, आणि ते विमानांसाठी राखून ठेवलेलं. विमानं काय गवत खातात?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खीळ काढली, तेल लावलं आणि दोन भोकं खाली घातली. चार बोटांचा फरक. कुणाच्या लक्षात यायचं नाही असा. चार दिवसांत दोन्ही बाजू कापून झाल्या. पहिल्याच दिवशी अकरा पेंढ्या निघाल्या. बायको दाताळ्याने गवत ओढत होती, तिला घाम फुटला होता, पण तोंडावर हसू होतं. संध्याकाळी गाय खाली मान घालून खात राहिली आणि तो दाराच्या चौकटीला टेकून नुसता बघत बसला. आपण काही वाईट केलंय असं त्याला वाटलं नाही. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

पोरगीने शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला पक्षी घेतले होते. धावपट्टीवर येणारे पक्षी, ते का येतात आणि कसे थांबवायचे. रोज सकाळी सहाला ती दुर्बीण आणि वही घेऊन कडेच्या दगडावर जाऊन बसायची. तिच्याबरोबर तिच्या वर्गातला एक पोरगा असायचा. त्याला सगळे बडबड्या म्हणत, कारण विमानातून बोलायचा रेडिओ हातात आला की तो वाऱ्याचा वेग सांगता सांगता जेवणात काय होतं तेही सांगून मोकळा व्हायचा. दोन दिवसांच्या प्रवासावरून शिकायला आलेला, सायकली दुरुस्त करणाऱ्याचा पोरगा. गवतवाल्याच्या घरी यायचा, हक्काने मागून खायचा, आणि एकदा तर दाताळं घेऊन दोन तास गवत ओढलं होतं. हाताला फोड आले ते सगळ्यांना दाखवत फिरला.

"काका, तुमची मुलगी मला पक्षी मोजू देत नाही," तो तक्रार करायचा. "म्हणते, तू बोलतोस म्हणून ते उडून जातात."

"खरंच आहे ते," पोरगी म्हणायची. "तुझ्याएवढा उपाय दुसरा नाही. याला धावपट्टीवर उभं करा, एक पक्षी यायचा नाही."

गवत कापून आठ-दहा दिवस झाले असतील. एका सकाळी पोरगी घरी आली ती थेट गोठ्यात. गवतवाला शेण काढत होता.

"बाबा, गवत किती ठेवलंय?"

"वीतभर."

"कुणाची वीत?"

"म्हणजे? माझी. सोळा वर्षं माझीच वीत आहे."

तिने वहीत ठेवलेली लोखंडी पट्टी काढून दाखवली. "मी बारा ठिकाणी मोजलं. कुठे अकरा, कुठे साडेअकरा. वीस कुठेच नाही."

गवतवाल्याने फावडं टेकवलं. पोटच्या पोरीने आपलं काम पट्टी लावून मोजलं, हे त्याला आधी झोंबलं. बाकीचं नंतर डोक्यात शिरलं.

"दुष्काळ आहे. गवत बसलंय."

"बसलेलं नाही. कापलेलं आहे. टोकं सरळ आहेत." ती हळू आवाजात बोलत होती, आणि तेच त्याला सहन होत नव्हतं. "बाबा, मागच्या महिन्यात सकाळी सात-आठ टिटव्या असायच्या. आज चौऱ्याण्णव होत्या. उंच गवतात टिटवीला पलीकडचं दिसत नाही, तिला भीती वाटते, म्हणून ती उतरत नाही. गवत आखूड झालं की तिला किडे दिसतात, शत्रू दिसतो, ती आरामात बसते. म्हणून वीस. उगीच नाही कुणी लिहिलेलं."

"टिटवी ती केवढी! मूठभर पाखरू."

"विमान ताशी शंभरच्या वेगात असताना समोर आली तर ती पाखरू राहत नाही बाबा, धोंडा होते."

बायको पाण्याची बादली घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "मग? काय करणार आहेस तू?" तिने पोरीला विचारलं.

"शनिवारी तक्ता द्यायचा आहे. एका रकान्यात पक्षी, एका रकान्यात गवताची उंची."

"आणि त्यात लिहिणार, माझ्या बापाने चार बोटं जास्त कापलं?"

पोरगीने पट्टी वहीत परत सरकवली.

गवतवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. नोकरीचा करार दर वर्षी नवा व्हायचा, आणि तो या महिनाअखेरीला होता. करार गेला की गवत गेलं, गाय गेली. तेही सोड, पण करार गेला की पोरीची जागाही गेली, आणि पदवीला राहिले होते फक्त चार महिने.

"पोरी, एवढा महिना जाऊ दे," तो म्हणाला. पोरीसमोर असा आवाज त्याने कधी काढला नव्हता. "खीळ आजच वर घालतो. एक पातं तोडणार नाही. वाढेल ते. वाढलं की तू जे मोजशील ते लिही. या शनिवारी तेवढं वीस लिही."

"वाढेल?"

"गवतच आहे. वाढणार नाही तर काय करेल?"

तिने वीस लिहिलं.

आता गवतासारखी चिवट चीज दुसरी नाही हे खरं, पण तिलाही वर यायला पाणी लागतं. गवतवाला रोज सकाळी गुडघ्यावर बसून पंजा टेकवायचा. करंगळी उघडीच राहायची. बुडाशी होती नव्हती ती ओल कापणीने उघडी पडली होती आणि उन्हाने पिऊन टाकली होती. गवत वाढणं राहिलं बाजूला, ते पिवळं पडून जमिनीला चिकटायला लागलं. आणि टिटव्या? त्या तर आता जोडीजोडीने अंगणात फिरावं तशा फिरत होत्या. चौऱ्याण्णवाच्या एकशे दहा झाल्या, एकशे तीस झाल्या.

पक्ष्यांचे आकडे पोरगी खरेच लिहीत होती. त्यामुळे मोठ्या सरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. गवत तर वीस आहे, मग पक्षी कशाने वाढले? त्यांनी ठरवलं की दुष्काळामुळे. रानात खायला उरलं नाही म्हणून इकडे येत असतील. रोग भलताच धरला, म्हणून औषधही भलतंच निघालं. त्यांनी गवतवाल्याला एक रिकामा डबा आणि काठी दिली. सकाळी विमानं सुटायच्या आधी धावपट्टीच्या कडेने डबा वाजवत पळायचं.

पन्नाशीचा माणूस डबा बडवत मैलभर पळतोय, हे बघायला पोरं शेडच्या दारात जमायची. कुणी शीळ घालायचं, कुणी टाळ्या वाजवायचं. टिटव्या उठायच्या, आकाशात एक गिरकी मारायच्या आणि त्याची पाठ वळली की परत बसायच्या. पोरगी दगडावर बसून वहीत मान घालायची. तिने एकदाही वर बघितलं नाही. बडबड्या मात्र त्याच्याबरोबर अर्ध्या पट्टीपर्यंत पळायचा, "काका, तुम्ही ताल धरा, मी गातो!" म्हणायचा. त्या पोराचा गवतवाल्याला फार आधार वाटायचा.

एक दिवस त्याचं त्यालाच राहवेना. सांगून टाकावं. काय व्हायचं ते होऊ दे. धुतलेला सदरा घालून तो मोठ्या सरांच्या खोलीपाशी गेला. दारातच चपला काढल्या.

"ये, ये. मीच बोलावणार होतो तुला," सर म्हणाले. समोर कागद होता. "ही घे तुझ्या कराराची प्रत. आणखी एक वर्ष. या वयात रोज पळतोयस, सगळे बघतात हो. आणि मुलगी तर काय, हुशार आहे तुझी. तिचा प्रबंध पहिल्या नंबरात जाईल बघ."

गवतवाल्याने दोन्ही हातांनी कागद घेतला.

"तू काही सांगायला आला होतास का?"

"नाही साहेब. असंच. पाऊस कधी येईल म्हणतात, ते विचारायला."

सर हसले. तोही हसला. बाहेर येऊन चपला घालताना त्याला त्या पटकन सापडेनात. आपण भित्रे आहोत हे त्याला त्या क्षणी स्वच्छ कळलं, आणि कळूनही तो परत आत गेला नाही.

त्यानंतर पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी वारा उलटा होता, म्हणून विमानं पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून सुटत होती. गवतवाला आपली फेरी संपवून लांबच्या टोकाला धापा टाकत बसला होता. पाणी पिऊन वर बघतो तर त्याच्यापासून दोनशे पावलांवर, पट्टीला लागूनच, टिटव्यांचा अख्खा थवा उतरलेला. आणि पलीकडून विमानाचा आवाज चढायला लागला होता.

त्या दिवशी पोरगीचं उड्डाण होतं, एवढंच त्याला माहीत होतं. कितवं ते माहीत नव्हतं. विमानं सगळी सारखीच पांढरी. त्याने डबा उचलला आणि जीव खाऊन पळत सुटला. विमान पट्टीवर आलं की डबा वाजवायचा नाही, जिथे असशील तिथे खाली बस, हे त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण तिथे आठवतंय कुणाला? तो ओरडत होता, डबा बडवत होता, आणि थवा उठला. नेमका पट्टीच्या बाजूला उठला. विमानाने तेव्हा नुकतीच जमीन सोडली होती.

काच फुटल्याचा आवाज त्याला आला नाही. विमान एकदम डावीकडे कललं, एक चाक जमिनीला लागलं, पट्टी सोडून उघड्या रानात गेलं आणि चर ओलांडताना नाकावर उभं राहून थांबलं. धूळ उडाली. मागून गाडीचा भोंगा सुरू झाला.

गवतवाला धावत गेला. पायातली एक चप्पल कधी गेली ते त्याला कळलंच नाही. विमानाच्या दाराशी पोचला तर आत एक माणूस पुढे वाकलेला. सगळं तोंड रक्ताने भरलेलं. केस आखूड. मुलाचे.

आपली नाही, असं त्याच्या मनात आलं. आपली नाही! अंगातून गार वारं गेल्यासारखं सुख झालं त्याला. मग त्याने ओळखलं की तो बडबड्या आहे, आणि त्या सुखाची त्याला इतकी शिसारी आली की तो तिथेच चराच्या कडेला ओकला.

पाय दोन ठिकाणी मोडला होता, तो जुळणार होता. डावा डोळा मात्र गेला. डॉक्टरांनी सांगितलं, काचेचे तुकडे होते, काही करण्यासारखं नव्हतं. एका डोळ्याच्या माणसाला हे विद्यापीठ विमान देत नाही, त्यामुळे त्याचं शिकणंही तिथेच संपलं.

तिसऱ्या दिवशी त्याचा बाप आला. गवतवाला दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसला होता. आत जायची त्याची छाती होत नव्हती आणि घरी जायला पाय उचलत नव्हता. शेजारी एक बारीकसा माणूस येऊन टेकला. नखांत काळं वंगण, अंगठ्याला जुनी पट्टी. त्याने पिशवीतून डबा काढला, दोन उकडलेली अंडी, मिठाची पुडी. एक अंडं सोलून गवतवाल्यापुढे धरलं.

"घ्या. प्रवासात खाल्लंच नाही. एकट्याला जात नाही."

"नको, नको."

"घ्या हो. तुमचं कोण आहे आत?"

"पोरगी शिकते त्याच्याबरोबर. त्या... विमानाच्या पोराबरोबर."

"म्हणजे माझ्याच मुलाला बघायला आलात!" त्या माणसाचा चेहरा उजळला. "तो पत्रात लिहायचा, इथे एक काका आहेत, घरी जेवायला घालतात. तुम्हीच का ते? देव भलं करो तुमचं." त्याने अंडं हातात दिलंच. "आता बोलत नाही हो तो. लहानपणापासून तोंड मिटायचा नाही. मी दुकानात ओरडायचो, अरे, जरा गप्प बस, गिऱ्हाइकाचं ऐकू येत नाही. आता सकाळपासून बसलोय, एक शब्द नाही."

गवतवाल्याने अंडं खाल्लं. ते खाणं त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. खाऊन झाल्यावर त्या माणसाने त्याच्या ओंजळीवर पाणी घातलं.

चौकशीला बाहेरून तीन माणसं आली. पहिल्याच दिवशी त्यांनी पट्टीने गवत मोजलं, ट्रॅक्टरची खीळ बघितली आणि गवतवाल्याला निरोप धाडला, उद्या दहाला हजर राहा. पोरीलाही निरोप होता. तक्त्यांवर तिची सही होती.

त्या संध्याकाळी घरात कुणी जेवलं नाही. पोरगी भिंतीला टेकून बसली होती.

"उद्या मी सगळं माझ्या अंगावर घेतो," गवतवाला म्हणाला. "मी म्हणेन, ती मोजायला यायची त्या जागा मी वेगळ्या ठेवल्या होत्या. तिथलं गवत उंच राखलं होतं. पोरीला फसवलं."

"बरोबर आहे," बायको म्हणाली. "आणि तू मूग गिळून बस. त्याचा डोळा काही तुझ्या बोलण्याने परत यायचा नाही. यांची नोकरी तर गेलीच. निदान तुझे तीन महिने ते पुरे करू देतील. मी सरांचे पाय धरेन. ऐकतेस ना?"

पोरगी हाताच्या नखांकडे बघत होती.

"ऐकतेस का?"

"ऐकतेय आई."

वर्गातलीच एक खोली चौकशीला घेतली होती. फळ्यावर अजून वाऱ्याच्या दिशांचे बाण काढलेले होते. तीन माणसं एका बाजूला, बाजूच्या खुर्चीत मोठे सर, आणि मागच्या बाकावर तो सायकलवाला. मुलाच्या वतीने त्याला बसायला सांगितलं होतं. गवतवाला आत येताना त्याने ओळखीचं हसू दिलं, जागा करून दिली. गवतवाला उभाच राहिला.

त्याने ठरवलं होतं तसंच सगळं सांगितलं. खीळ दोन भोकं खाली घातली. घरची जनावरं उपाशी होती. कुणाला विचारलं नाही. डबा वाजवायला नको होता, तरी वाजवला. बोलताना मागच्या बाकाकडे बघायचं नाही असं त्याने पक्कं केलं होतं, पण पाठीला सगळं कळत होतं.

"आणि मुलीला?" मधल्या माणसाने विचारलं.

"तिला काही ठाऊक नव्हतं साहेब. तिला मी फसवलं." त्याने जागांची गोष्ट सांगितली. ती सांगताना त्याची जीभ अडखळली नाही. आयुष्यात इतक्या सफाईने तो कधी खोटं बोलला नव्हता.

मधल्या माणसाने मान डोलावली. मोठ्या सरांनी सुस्कारा सोडला, आणि तो सुटकेचा होता. गवतवाल्याला वाटलं, निभावलं. पोरगी निभावली.

"तुम्हाला यावर काही सांगायचं आहे?" त्या माणसाने तिला नुसतं रिवाज म्हणून विचारलं.

पोरगी उठली. तिने बापाकडे बघितलं. त्याने डोळ्यांनी विनवलं, इतकं की त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"बाबा खोटं बोलतायत," ती म्हणाली. "मी बारा ठिकाणी मोजलं होतं. अकरा भरलं होतं. मी वीस लिहिलं. पुढच्या शनिवारीही वीस लिहिलं. अपघाताच्या आधी एकोणीस दिवस मला माहीत होतं. तो रोज माझ्या शेजारी बसायचा, आणि मी त्याला सांगितलं नाही."

"मुली, तू काय बोलतेयस ते कळतंय का तुला?" मोठे सर म्हणाले.

"हो सर."

"खोटा तक्ता देणाऱ्याला आपण विमान देऊ शकत नाही. पदवीही नाही."

"माहीत आहे सर. दुसऱ्या वर्षाला तुम्हीच शिकवलंत."

तीन माणसांनी लिहून घेतलं. सही करायला कागद पुढे केला. तिने सही केली. गवतवाल्याने अंगठ्याजवळचा घाम पुसून आपली सही केली, वळणदार, जशी दर वर्षी करारावर करायचा तशी. त्याला पोरीचा राग आला होता, भयंकर राग. चार वर्षं, सोळा वर्षं, सगळं तिने एका दमात जमिनीवर ओतलं होतं. आणि ती खरं बोलली याचा अभिमानही कुठेतरी होता, पण त्या अभिमानाचं आता करायचं काय?

दोघं बाहेर आली. पोरगी पुढे चालायला लागली. व्हरांड्याच्या टोकाला सायकलवाला उभा होता. आता हा मारेल, असं गवतवाल्याला वाटलं. मारावं, असंही वाटलं. तो त्याच्यासमोर जाऊन मान खाली घालून उभा राहिला.

सायकलवाल्याने त्याच्याकडे बघितलं. हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही.

"पुरला का चारा?" त्याने विचारलं. "जनावरांना?"

तो टोमणा होता की खरंच विचारत होता, हे गवतवाल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. गाय चार दिवसांपूर्वीच बसली होती आणि उठली नव्हती. कालवडीने वेळेआधीच गाभ टाकला होता.

"नाही," तो म्हणाला. "नाही पुरला."

सायकलवाल्याने मान हलवली, आणि मुलाला पाणी द्यायची वेळ झाली म्हणून दवाखान्याच्या रस्त्याला लागला.